‘हाय’ म्हणजे आहे

“पायाला सूज हाय,” बार्शीच्या आजी फोनवर म्हणाल्या.

“हाय, मी तुमची काय मदत करू?” आमचं मशीन म्हणालं.

“आगं, सूज हाय म्हणतीय की.”

“हाय, मी तुमची काय मदत करू?”

“ही बया नुस्तं हाय हाय करतीया. हिलाच दवाखान्यात न्या.” आजींनी फोन ठेवला.

ऑनलाइन डेमोत सगळे हसले. क्लायंट, म्हणजे बार्शीचे डॉक्टर, हसले नाहीत. “माझे पेशंट असेच बोलतात. शुक्रवारपर्यंत शिकवा, नाहीतर राहू द्या.”

आमचं स्टार्ट-अप फोनवर मराठी समजणारं मशीन बनवतं. ऑफिस नाही, सगळे घरून. मी सोलापुरातून. दर सोमवारी स्क्रीनवर नवे चेहरे यायचे आणि पन्नाशीला टेकलेल्या मला शाळेचा पहिला दिवस असल्यासारखं वाटायचं. मशीन शिकावं म्हणून माणसांचं बोलणं ऐकून जसंच्या तसं लिहितात. ते ट्रान्सक्रिप्शन. तपासायचं काम माझं.

“डेटात ‘आहे’च्या अर्थानं ‘हाय’ एकदाही नाही. असं कसं?” टीम लीड मेघनाने विचारलं.

मला माहीत होतं. आमच्याकडे ट्रान्सक्रिप्शन करणारी दुधनीची शबाना ‘हाय’, ‘न्हाय’ ऐकलं तसंच लिहायची. मी ते खोडून ‘आहे’, ‘नाही’ करायचो, वर चुकीची लाल खूण. त्या खुणांमुळे गेल्याच महिन्यात तिचं काम गेलं होतं. आणि मी घरी आईशी ‘हाय’च बोलतो. इंग्रजी बोलणाऱ्या नव्या लोकांपुढे आपली बोली गावंढळ दिसू नये, एवढंच कारण. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं.

“चूक माझी आहे. शबानाचं बरोबर होतं.”

मेघना म्हणाली, “मग तिला फोन तुम्हीच करा.”

मी शबानाला सगळं सांगितलं आणि कामावर परत बोलावलं.

“सर, तुमी सोलापूरचेच ना?”

“हो.”

“मग ‘व्हय’ म्हणा की. तरच येते.”

“व्हय.”

“माझ्या जुन्या फायली हायत अजून. तुमच्या लाल खुणांसकट.”

तीन दिवस ती जुनी रेकॉर्डिंग ऐकवत गेली, मी माझ्याच दुरुस्त्या पुसत गेलो. इतक्या आनंदानं मी कधी काम केलं नव्हतं. शुक्रवारी पुन्हा त्याच आजी.

“पायाला सूज हाय.”

“कोणत्या पायाला?”



“डाव्या. शानी झाली की ही.”

डॉक्टर हसले. काम मिळालं. आता शबाना माझं काम तपासते. काल तिची पहिली लाल खूण आली: “सर, हितं ‘न्हाय’ हाय.” खूण बरोबर होती. तपासणं आणि स्वतःची लाज झाकणं ही दोन वेगळी कामं आहेत. मला ठेवलंय ते पहिल्यासाठी.