बाबांची लेखी हरकत

आमच्या लग्नाची पत्रिका काही छापली नाही. विवाह अधिकाऱ्यांच्या कचेरीतल्या फळ्यावर नोटीस तेवढी लागली. मी हिंदू, तो मुसलमान, म्हणून विशेष विवाह कायदा. नोटीस तीस दिवस भिंतीवर राहायची आणि कोणाची हरकत असली तर त्याने ती तेवढ्यात लेखी द्यायची. कोणाची म्हणजे अगदी कोणाचीही. मला मात्र धास्ती एकाच माणसाची होती, माझ्या बाबांची.

बाबा तहसील कचेरीतून बाबू म्हणून निवृत्त झालेले. लग्नाचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "तुले जे करायचं ते कर," आणि पेपर तोंडासमोर धरला. मीही त्यांचीच पोर! चपला घातल्या आणि वडनेरहून थेट वर्ध्याच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर आले. दोन महिने फोनसुद्धा केला नाही. नोटिशीच्या अर्जात सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता असे दोन रकाने होते. दोन्हीकडे खोलीचाच पत्ता ठोकून दिला. रागच तसा होता.

अठ्ठाविसाव्या दिवशी कचेरीतून फोन आला, "मॅडम, हरकत आली आहे. तुमच्या वडिलांची." आम्ही दोघं तसेच स्कूटरवर निघालो. रस्ताभर मी बाबांना नाही नाही ते बोलत होते आणि हा बिचारा, "आधी वाचू तर दे," म्हणत होता.

साहेबांनी हसतच कागद पुढे केला. फुलस्केप, डावीकडे समास सोडलेला, खाली बाबांची लांबलचक सही. "मुलीने कायमच्या पत्त्याच्या रकान्यात भाड्याची खोली दाखविली आहे, ते चूक आहे. तिचा कायमचा पत्ता मौजा वडनेर, माझे राहते घर, हाच आहे. सबब दुरुस्ती व्हावी. विवाहास हरकत नाही."

"तीनदा येऊन नोटीस वाचून गेले ते," साहेब म्हणाले. "आजही आलेत. बाहेर बसलेत."

मी बाहेर जाऊन बाकावर बाबांच्या शेजारी बसले आणि लहान पोरीसारखी रडले.

"रडून काऊन राह्यली?" बाबा म्हणाले. "सरकारी कागदावर असा पत्ता लिवते का कोणी?" मग त्याच्याकडे वळले. "तुम्ही तरी वाचून पाह्यचं होतं, जावईबापू."

"चुकलंच, बाबा," तो म्हणाला, आणि दुरुस्तीचा अर्ज मागायला माझ्याआधी आत पळाला.