इलिश, चिंगडी आणि केतकीचा अंदाज

हावड्याच्या गाडीत बसवून देताना हे म्हणाले, "निकाल लागेपर्यंत तिथंच राहा. एकटी नको पडायला ती." मी मान हलवली. मनात म्हटलं, निकाल लागू दे, मग मी एकटी परत येतच नाही. तिला घेऊनच येते.

आमच्या भिशीतल्या बायका अजून विचारतात, "अगं, तू कलकत्त्याला गेलीस की अमेरिकेला?" म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. केतकी आमची एकुलती एक. सांगलीत शिकली, पुण्यात शिकली आणि नोकरी मिळाली ती थेट कलकत्त्यात, एस्प्लनेडच्या एका छोट्या कंपनीत. अमेरिकेतल्या निवडणुकीत कोण जिंकणार, हे आधीच सांगायचं, हा त्यांचा धंदा. आपल्याकडे उमेदवाराचं तिकीट वरून येतं. तिकडे राष्ट्राध्यक्षपदाच्या तिकिटासाठीसुद्धा राज्याराज्यात लोक मत देतात म्हणे. एवढा उत्साह आणायचा कुठून! तर अशाच एका राज्यात, एकाच पक्षातल्या दोघांची काट्याची टक्कर लागली होती आणि त्याचा अंदाज केतकीकडे होता. तो बरोबर आला तर तिकडची मंडळी तिला कामासाठी अमेरिकेला बोलावणार होती, निदान तीन-चार वर्षांसाठी. चुकला तर नाही.

नाही म्हणजे सांगली, असं मी आपलं धरून चालले होते. देवाशपथ सांगते, माझी पोर चुकावी असं मला वाटत होतं.

हावड्याला उतरले तेव्हा अंग आंबून गेलं होतं. फलाटावर ही गर्दी! त्यात केतकी दिसेना. दिसली तेव्हा आधी ओळखूच आली नाही; केस कापलेले, गालफडं बसलेली. वाकून नमस्कार केला आणि माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली. "आई, भडंग किती आणलंयस? दगडासारखी झालीय पिशवी." मग पिवळ्या टॅक्सीवाल्याशी भांडली. बंगालीत, तेही असं खणखणीत, की मी नुसती बघत राहिले. आमच्या घरात भाजीवाल्याशी घासाघीस करायला लाजणारी पोर ही. कौतुक वाटलं आणि कुठंतरी टोचलंही.

खिदिरपूरला गोदीजवळच्या गल्लीत ती राहते. घरांच्या गच्च्यांवरून क्रेनची डोकी दिसतात आणि मधूनच बोटीचा भोंगा वाजतो. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी हातातलं भांडं टाकलं. घरमालकीण माशीमा (म्हणजे मावशी, इथं सगळ्याच वयस्क बायका माशीमा), सत्तरीची, एकटी, पांढरी साडी, लाल चपला. "आशुन, आशुन!" (या, या) म्हणत तिनं मला हाताला धरून आत नेलं आणि समोर ठेवली लुची, म्हणजे मैद्याची पांढरीशुभ्र पुरी, आणि खोबऱ्याचे काप घातलेली हरभऱ्याची डाळ. डाळ गोड! सांगलीच्या माणसानं गोड आमटी खायची म्हणजे काय शिक्षा. पण दुसऱ्या वाढीला मी नाही म्हटलं नाही, हेही लिहून ठेवते.

खाताना माशीमानं केतकीला विचारलं, "काय गं, इलिश की चिंगडी?" मला वाटलं, रात्रीच्या जेवणाचं चाललंय. केतकी म्हणाली, "अजून नक्की नाही, माशीमा." मग तिनं मला समजावलं. कंपनीचा नियम असा, की उमेदवारांची नावं ऑफिसबाहेर काढायची नाहीत. म्हणून तिथल्या पोरांनी माशांची नावं ठेवली. इलिश हा नदीतला चंदेरी मासा आणि चिंगडी म्हणजे आपली कोळंबी. या शहरात फुटबॉलचे दोन जुने संघ आहेत. एकाची माणसं जिंकली की इलिश आणतात, दुसऱ्याची कोळंबी. त्यामुळे ऑफिसात कोणालाही नियम शिकवावा लागला नाही.

माशीमाचे आईवडील पद्मा नदीपलीकडून, म्हणजे आताच्या बांगलादेशातून आलेले. इलिशवाला संघ त्या लोकांचा, म्हणून ती इलिशवाली. अमेरिकेतलं तिला ओ की ठो कळत नाही, पण बाजू पक्की. केतकी म्हणाली, "या आठवड्यात चिंगडी जरा वर दिसतेय," तर माशीमानं कपाळाला हात लावला. "चिंगडी आबार माछ नाकी? ओ तो पोका!" (चिंगडी म्हणजे मासा तरी आहे का? किडा तो!) आम्ही हसून हसून बेजार.

दुसऱ्या दिवशी ऑफिस बघायला गेले. एस्प्लनेडला बसमधून उतरलं की माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, गर्दीच नेते. पदपथावर मोजे, पट्टे, फोनची कव्हरं, तिखटमीठ लावून कुस्करलेले पेरू. एका म्हाताऱ्याकडून झालमुडी घेतली. कुरमुरे, कच्चं मोहरीचं तेल, मिरची, खोबऱ्याचा तुकडा. आपल्या भडंगाची मावसबहीणच. तेल नाकात गेलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. म्हातारा म्हणाला, "दीदी, अच्छा है ना?" मी नुसतं नाक पुसत मान डोलावली.

जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर कंपनी. सात-आठ पोरं, भिंतीवर त्या राज्याचा नकाशा, ठिपकेच ठिपके. केतकीनं मला खुर्चीवर बसवलं. "हे बघ आई. कोणाला मत देणार, हे लोक फोनवर सांगतात. पण सांगणारे सगळे मतदानाला जात नाहीत. मागच्या वेळी कोण गेलं, या वेळी थंडी किती, कॉलेजं सुरू आहेत का, सगळं धरायचं."

"म्हणजे भिशीला येते म्हणणाऱ्या किती जणी खरंच येतात, तसं?"

"तसंच. फक्त इथं फरक एका टक्क्याच्याही आत आहे."

"मग लिहून टाक ना, सांगता येत नाही म्हणून."

ती हसली. "तेच चालत नाही. एकच नाव द्यायचं. बरोबरीत आहेत असं म्हणायला पैसे कोण देईल?"

मी नकाशाकडे बघितलं. त्या ठिपक्यांत कुठंतरी माझी पोर तिकडे जाणार की माझ्याकडे येणार, ते होतं. दोघांपैकी कोण हरणार, हे मला कळलं असतं ना, तर त्याच्याच नावानं मी तिचे कान भरले असते. पण कळणार कसं? माझं प्रेम अगदी बिनकामाचं होऊन बसलं होतं.

परतताना मी एकटीच बसनं निघाले. खिदिरपूरचा पूल आला, खिडकीतून बोटीचं नाक दिसलं, आणि मी बघतच राहिले. उतरायचं राहिलं. बस गेली गार्डन रीचला. "अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं, तर मागच्या बाकावरून आवाज, "मराठी का हो तुम्ही?" अमरावतीच्या बाई, यजमान रेल्वेत. त्यांनी मला उतरवून घेतलं, घरी नेलं, चहा पाजला. त्यांची लेक शाळेतून आली होती. म्हणाली, "काकू, तुम्ही भालो आहात ना?" भालो म्हणजे बरं. बाई हसून म्हणाल्या, "घरचे म्हणतात, बदली मागून घ्या. पण ही म्हणते, माझं गाव हेच. काय बोलणार?" मी पण हसले. दुसऱ्याच्या घरचं होतं म्हणून हसू आलं.

नाव कळवायच्या आदल्या दिवशी केतकी म्हणाली, "चल, आपल्या पाड्यातल्या (म्हणजे आपल्या वस्तीतल्या) कालीला जाऊन येऊ." गोदीच्या भिंतीला लागून लहानसं देऊळ. केतकी चपला सांभाळणाऱ्या बाईशी बोलत मागे राहिली. आत पुजाऱ्यानं नाव विचारलं, गोत्र विचारलं, आणि मग, "माँ, मनोकामना?" मी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच, माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "बेटी घर वापस आ जाए. उसका वो काम नहीं होना चाहिए."

मला काय ठाऊक, इथं मागणं देवीला मोठ्यानं ऐकवायची रीत आहे ते! आमच्या गणपतीपुढं माणूस मनातल्या मनात काय ते मागतो. पुजाऱ्यानं दोन्ही हात वर केले आणि खड्या आवाजात म्हणाला, "मायेर इच्छा, मेये घरे फिरुक! काजटा जेनो ना होय!" (आईची इच्छा, मुलगी घरी परतू दे! ते काम होऊ नये!) सगळ्या देवळानं ऐकलं. केतकी उंबऱ्यात उभी होती. हातात जास्वंदीची माळ.

परतताना ती माझ्या चार पावलं पुढं चालत होती. गल्लीच्या तोंडाशी थांबली.

"मी हरावं असं मागितलंस तू?"

खोटं काय बोलणार? "हो. मागितलं. मला तू हवीयस घरात. तुझ्या खोलीत गाद्या रचून ठेवल्यात आम्ही, कारण तिथं कोणी झोपतच नाही. वर्षातून चार दिवस येतेस, त्यातले दोन फोनवर जातात. अमेरिकेला गेलीस की ते चार पण गेले."

"आई, मी या कामासाठी किती..." माझ्या हातातला प्रसादाच्या पेढ्यांचा द्रोण तिनं घेतला, एक पेढा तोंडात टाकला आणि रडत रडत खाल्ला. लहानपणी अशीच करायची, रागातही खायचं सोडायची नाही.

सकाळी तिनं नाव कळवलं. चिंगडी.

निकालाचा दिवस आपला आणि तिकडची रात्र. आम्ही तिघी माशीमाच्या जेवणाच्या टेबलाभोवती, मधे लॅपटॉप. माशीमानं लुच्या तळल्या होत्या, पण सुरुवातीला कोणी हात लावला नाही. आधी चिंगडी पुढं. केतकीनं माझा हात दाबला. देवळापासूनचा अबोला तेवढ्यात संपला. मग इलिश पुढं. मग चिंगडी. शेवटी एका जिल्ह्यातले आकडे यायचे राहिले, आणि तो जिल्हा केतकीनं चिंगडीचा धरला होता, तिथली कॉलेजची पोरं मतदानाला जातील म्हणून. पोरं गेली नव्हती. इलिश जिंकला, अगदी नखभर फरकानं.

मी जे मागितलं होतं ते मिळालं होतं. खरं सांगू? परत करता आलं असतं तर केलं असतं. केतकी पडद्याकडे बघत होती आणि तिचं तोंड दहावीला गणितात मार्क कमी पडले तेव्हासारखं एवढंसं झालं होतं. माशीमा इलिशवाली, पण तिनं लॅपटॉप आपल्या हातानं मिटला आणि केतकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं.

"माझ्यामुळं झालं गं," मी म्हटलं.

"आई, तुझ्या देवीला तिकडे मतदान नाही." नाक पुसत ती हसली. "मीच चुकले. पोरं घरी बसतात हे मला कळायला हवं होतं."

ऑफिसातून साहेबांचा फोन आला. रागावले नाहीत. पुढच्या राज्याला आणखी एक संधी आहे, म्हणाले, अट तीच. तिनं फोन ठेवला तसं मी हळूच विषय काढला. "कशाला आता पुढचं राज्य? चल घरी. पुण्यात बघ काहीतरी."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, आणि तेच जास्त लागलं. "अमेरिकेला नाही गेले तर सांगलीला येईन, असं तुला कोणी सांगितलं, आई? मी इथं आहे. माझं काम इथं आहे, माशीमा इथं आहे. मला आवडतं इथं. मी येत नाहीये."

मी लुचीचा तुकडा मोडला. तो गार झाला होता. खाल्ला तसाच.

चार दिवसांनी हावड्याला तिनं मला गाडीत बसवलं. खजुराच्या गुळाचे संदेश, म्हणजे तिथली छेन्याची मिठाई, दिले, पाण्याच्या बाटल्या दिल्या, समोरच्या बाईंना सांगितलं, "माझ्या आईकडे लक्ष ठेवा." गाडी सुटली तशी ती खिडकीबरोबर चालत राहिली, मग उभी राहिली. मी पदराआड रडले. समोरच्या बाई बंगाली होत्या. काही न विचारता त्यांनी मला एक संत्रं सोलून दिलं.

घरी येऊन महिना झाला असेल. पुढच्या राज्याचा निकाल. केतकीनं आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, "या वेळी इलिश, आई." सकाळी मी देवपूजा अर्धी टाकून फोन घेऊन बसले. ह्यांनी चष्म्यावरून बघितलं. "इलिश आला तर लांब जाईल हं ती. मग बसशील रडत."

"बसेन," मी म्हटलं. "पण तिचं ते तोंड परत बघायचं नाही मला. येऊ दे इलिश."

दुपार होत आली तेव्हा फोन वाजला. पलीकडं ऑफिसातल्या पोरांचा नुसता गलका, आणि त्यातून केतकी किंचाळली, "आई, आला! इलिश आला!"

"शाब्बास गं माझी बाय!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या काकू बाहेर आल्या. कधी जायचं, थंडीचे कपडे कोणते, सगळं विचारलं, मोठ्यानं, हसत. मग फोन ठेवला आणि ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडले.

"अगं, आनंदाची बातमी ना?" हे म्हणाले.

"हो ना," मी म्हटलं. "म्हणून तर."