पडद्याची उलटी बाजू

"शेडातली ना तू? ऊठ. ही खुर्ची बॅचच्या पोरांची हाय."

सर हे भरल्या हॉलमध्ये म्हणाले. मी लातूरला अकरावी सायन्सला होते. भूकंपात गाव पडलं तेव्हापासून आमचं घर म्हणजे पत्र्याचं शेड, आणि कॉलेजात माझं नावही तेच पडलं होतं. बॅच म्हणजे सरांची खाजगी शिकवणी. मी त्यात नव्हते.

कॉलेजच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी सिनेमा दाखवायचे. फुकट. सर्वांसाठी खुला, असं फळ्यावर लिहिलेलं. त्यावर विश्वास ठेवून मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्या दिवशी गर्दी होती हे खरं. मी म्हणाले, मागं उभी राहते. सरांनी स्टेजकडं बोट केलं. स्टेजच्या पुढच्या कडेला पांढरा पडदा बांधलेला, चादरीसारखा पातळ. पलीकडूनही चित्र दिसायचं, पण उलटं.

"चित्राखालची इंग्रजी तुला तशीबी वाचता येणार न्हाई. मग उलटी काय न् सुलटी काय. पडद्यामागं बस."

हॉल हसला. मी गेले. मान खाली घालून गेले, हे लिहिताना आजही अंगाची आग होते.

त्या दिवसापासून दर शनिवारी पडद्यामागं आम्ही नऊजण. कोणी वसतिगृहातले, कोणी आर्ट्सचे, कोणी शेडातले. मोडक्या बाकांवर बसायचं. स्टेजच्या मागच्या दारानं यायचं, त्याच दारानं जायचं. सिनेमे परदेशी. माणसं डाव्या हातानं जेवायची आणि खालची अक्षरं उलटी पळायची.

मग मी भांडले का? नाही. लातुरातल्या भाड्याच्या खोलीवर इंग्रजीचं पुस्तक आरशासमोर धरून वाचायला लागले. रोज. दिवाळीपर्यंत उलटी ओळ झरझर वाचता येऊ लागली. शेजारी उदगीरची रुखसाना बसायची, टेलरची पोर. ती म्हणाली, "एकटीच काय वाचायलीस? आमाला बी सांग की." मग मी हळू आवाजात सगळ्यांना सांगू लागले. मला त्याचा गर्व होता. त्या गर्वाचीच आज सगळ्यात जास्त चीड येते.

एका शनिवारी रीळ बदलायला दिवे लावले. सरांनी विचारलं, सिनेमातल्या म्हातारीनं पत्र का फाडलं? पुढून कोणी बोलेना. मी पडद्यामागूनच सांगितलं. तिच्या पोरानं लिहिलं होतं, शेत विकून शहरात ये.

सरांनी मला पुढं बोलावलं. कसं कळलं, विचारलं. मी आरशाचं सांगितलं. सर खूश. बॅचकडं वळून म्हणाले, बघा, जिद्द म्हणतात ती ही. टाळ्या पडल्या. मीही हसले, मूर्खासारखी.

"आता जा, तिथंच बस. चांगली प्रॅक्टिस व्हायलीय तुझी."

वळताना मी हॉल बघितला. पहिल्या दिवसानंतर पहिल्यांदाच. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. आलेल्या पोरांच्या मांडीवर रविवारच्या टेस्टचे कागद. आम्ही तिकडं दाटीवाटीनं, आणि इथं रांगाच्या रांगा मोकळ्या. किती शनिवार असंच चाललं होतं? पडद्यामुळं आम्हाला दिसलंच नव्हतं. सरांना दर वेळी दिसत होतं.

मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

सर म्हणाले, ही उठल्याशिवाय पुढचं रीळ लागणार नाही. बॅचची पोरं माझ्यावरच वैतागली. मी म्हणाले, "नका लावू." पडद्याच्या कडेनं रुखसाना आली आणि शेजारी बसली. बाकीचे सात आले नाहीत. त्यांचा राग धरावा तर मीही इतके दिवस तिथंच होते. रीळ लागलं नाही. तो सिनेमा मी आजही अर्धाच बघितलेला आहे.

पुढं नांदेडला नोकरी लागली. साहेबांनी जिन्याखाली टेबल दिलं. महिन्याभरानं म्हणाले, अंधारातही किती नीट काम करता हो तुम्ही. मी टेबल ओढत खिडकीशी नेलं. ते बघत राहिले, मी फायली लावत राहिले.

अडचणीत ठेवायचं आणि वर शाबासकी द्यायची. असलं कौतुक मला नको. मला जागा पाहिजे, आणि ती मी विचारून घेणार नाही.