बंगल्याला मुशीचं तेल

लाकडी घर दरवर्षी तेल मागतं आणि दरवर्षी एक किस्सा देऊन जातं! तेल वाळतं, किस्से साठत जातात. थळच्या किनाऱ्यावर तेव्हा एक सरकारी बंगला होता. भिंती फळ्यांच्या, समुद्राकडे फळ्यांचाच मोठा ओटा. मी तिथला चौकीदार. एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट ही.

लाकडं सांभाळायला धर्मातात्या. मूळचा होड्या बांधणारा. बंगला म्हणजे किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडीच, असं त्याच्या डोक्यात पक्कं! नारळी पौर्णिमेला होड्यांची पूजा झाली की येऊन ओट्यालाही हळदकुंकू. नव्या ओव्हरसिअरने विचारलं, "हा काय प्रकार?"

तात्या म्हणाला, "दर्याच्या तोंडावर उभा हाय ना सायेब? मग!"

*

ओव्हरसिअरने हुकूम सोडला, "पावसाच्या आत ओटा नीट कर." तात्याने आठ दिवस राबून फळ्यांमधली एकेक फट कापूस आणि राळ ठासून बुजवली. झालं! आषाढात ओट्याचं तळं. कडेला पट्टी, त्यामुळे पाणी बाहेरही जाईना. खुर्च्या पाण्यात उभ्या!

"अरे शहाण्या, फटी पाणी खाली जायलाच ठेवल्या होत्या!"

"आमच्याकडं फट ऱ्हायली तर मानूसच खाली जातो, सायेब!"

मी हसलो, पण ओव्हरसिअर हसला नाही. "आणखी एक चूक, की तुझं काम बंद. मुंबईचा सुतार आणतो." तात्याचं तोंड उतरलं. वीस वर्षांचं काम, आणि या वयात होडीवर त्याला कोण बोलावणार? मला फार वाईट वाटलं.

*

आणि ते तेल! होडीला लावतात तेच मुशी माशाचं तेल तात्या भिंतींना आणि ओट्याला चोपडायचा. वास असा, की पाहुणे नाकाला रुमाल लावून सूर्यास्त बघायचे. गावातली झाडून सगळी मांजरं भिंत चाटायला हजर!

"चौकीदार ना तू? हाकल!" ओव्हरसिअर खिळ्यांचे बूट आपटत माझ्यावर खेकसला. अख्ख्या नोकरीत चोर एकही सापडला नाही, मांजरं मात्र रोज पकडली.

तात्या शांतपणे म्हणाला, "मांजर चाटतंय, पन वाळवी फिरकत न्हाय. बघा, काय पायजे ते!"

*

मग मोठे इंजिनीअरसाहेब तपासणीला आले. तात्या कोपऱ्यात अनवाणी, हात जोडून. ओव्हरसिअर नेहमीप्रमाणे बूट टकटक वाजवत पुढे, मागे साहेब. चालता चालता साहेब वाकले. ओट्याच्या फळ्यांना बारीक बारीक भोकं!

"हे काय?"

"कीड, सर! याच्या माशाच्या तेलाने लागली. माणूस बदलायलाच हवा."

तात्याचा चेहरा पांढराफटक. गुडघ्यांवर बसला, भोकांवरून बोट फिरवलं. तसाच पायरीपासून आरामखुर्चीपर्यंत रांगत गेला आणि परत आला. मी मनात म्हटलं, संपलं म्हाताऱ्याचं.

"कीड हाय, सायेब," तात्या म्हणाला. "पन अजब हाय. पायरी चढून येते, खुर्चीपर्यंत जाते नि माघारी फिरते. सात भोकं, मग हातभर मोकळं, मग परत सात."

"अशी कसली कीड?" साहेबांनी विचारलं.

तात्याने हात जोडले, आणि अगदी अदबीने म्हणाला, "ओव्हरसिअरसायेब, उजवा पाय जरा वर करता?"