दोन काहिलींचा पडताळा

राहीबाईला अक्षरओळख नव्हती, पण तिच्यासमोर ठोकून द्यायचं म्हटलं की गावातले शिकलेलेही जरा जपून बोलायचे. ती वाद घालायची नाही. "थांबा, आदी बगू तरी," एवढंच म्हणायची आणि पदर खोचून बघायला निघायची.

शेजारच्या दादासोची म्हैस एकदा एकाएकी आटली. भगताला बोलावणं गेलं, उतरून टाकायला कोंबडा धरून आणला. राहीबाई गोठ्यात गेली आणि विचारलं, "धार कोन काढतंय?" दादासोचा पलटणीतला भाऊ रजेवर आला होता. तो हौसेनं धार काढत होता, आणि तीही अंगातला खाकी ओव्हरकोट न काढता. राहीबाईनं आधी त्याला कोट उतरवायला लावला. कोटाला बुजलेल्या म्हशीनं पान्हा सोडला आणि कोंबडा वाचला. तो भाऊ मात्र रजा संपेपर्यंत गावात मान खाली घालून हिंडला.

आता, दुसऱ्याच्या गोठ्यात डोकं चालवणं सोपं असतं. आपल्याच घरात ते चालवायचं तर छाती लागते. राहीबाईवर ती पाळी महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात आली.

तिचा नवरा हंबीरराव यानं दोन उन्हाळे सुरुंग लावून, कातळ फोडून नवी विहीर पाडली होती. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला विहीर दाखवायची, असा त्याचा शिरस्ता. त्या विहिरीवर त्यानं पहिला ऊस लावला आणि त्याच साली थोरल्या लालासाहेबाचं लग्न उरकलं. लालासाहेब पलटणीतून रजेवर आला, बोहल्यावर चढला आणि पंधरा दिवसांत परत गेला. मागं राहिली त्याची बायको अंजना, जतकडच्या कोरड्या मुलखातली, अंगानं बारीक आणि बोलायला त्याहून बारीक.

हिवाळ्यात गुऱ्हाळ लागलं. नव्या सुनेच्या हातून चुलवणाची, म्हणजे रस उकळायच्या भट्टीची, पूजा करायची चाल होती. अंजनानं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, रस पडला. गुळव्या नाथाजी पंचवीस वर्षं गूळ करण्यात मुरलेला, पण त्या दिवशी त्यानंही हात टेकले. पाक निवायला वाफ्यात ओतला तर तो घट्ट होईना. काळपट, चिकट लगदा झाला, ढेप म्हणून उचलायची सोय नाही. दुसरी काहील तशीच उतरली आणि तिसरीही.

"वैनी, माजा हात न्हाई चुकला," नाथाजी म्हणाला. "पूजा कुनी केली ते बगा."

झालं. एवढ्या बोलण्याला पाय फुटले आणि संध्याकाळपर्यंत ते पाणवठ्यावर पोचलं. सुनेचा पायगुण वाईट, कोरडा मुलूख घेऊन आली. हंबीररावानं तलाठ्याकडून व्याह्याला पत्र लिहवून घेतलं, की पुढच्या रविवारी येऊन पोरीला घेऊन जा, दोन वर्षं तिकडंच राहू दे.

दोन वर्षं माहेरी ठेवलेली पोर परत येत नाही, हे राहीबाईला पक्कं ठाऊक होतं. तिची धाकटी बहीण सासरच्यांनी बैल मेल्याच्या निमित्तानं अशीच माहेरी धाडली होती. बैल ओली वैरण खाऊन फुगला होता, पण वैरणीकडं कुणी पाहिलंच नाही. बहीण बापाच्या उंबऱ्यात बसून म्हातारी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी वाढता वाढता ती नवऱ्याला म्हणाली, "आवं, औंदा घरात नवं काय काय आलं?"

"काय म्हंजे? सून आली."

"आनि?"

हंबीरराव भाकरी मोडत राहिला. "आनि हीर," तो शेवटी म्हणाला. "हिरीचा काय संबंध? लाख मोलाचं पानी हाय."

राहीबाई उठून चुलीपाशी गेली. अंजना डोळे पुसत डाळ घाटत होती. "पोरी, खरं सांग. त्या हिरीचं पानी तू चाखलंयस?"

अंजनानं हातातला डाव खाली ठेवला. मग म्हणाली, "आत्याबाई, मचूळ हाय. डाळ शिजत न्हाई त्यात. मी जुन्या आडाचं पानी आनती सैपाकाला."

"आदी का न्हाई बोललीस?"

"मामंजींची हीर हाय ती."

राहीबाईला हसू आलं आणि रागही आला. मामंजींच्या विहिरीला नाव ठेवायला नको म्हणून ही बाई स्वतः नावं ऐकून घेत होती!

पण नुसतं डाळ शिजत नाही म्हटल्यानं हंबीरराव ऐकणारा नव्हता, आणि राहीबाईही तेवढ्यावर पैज मारणारी नव्हती. बांधाच्या पलीकडं त्यांच्याच जुन्या विहिरीवरचा उसाचा तुकडा अजून उभा होता. माती तीच आणि बेणंही तेच, फक्त पाणी निराळं. तिनं नाथाजीला बोलावलं. "दोन काहिली करू. काहील तीच, रसात चुना तेवडाच, हात तुजाच. पैलीला जुन्या हिरीचा ऊस आनि पूजा अंजनाची. दुसरीला नव्या हिरीचा ऊस आनि पूजा माजी. अंजना त्या दिशी घराबाहीर पडनार न्हाई. मग बगू कुनाच्या हातात काय हाय ते."

शुक्रवारी अंजनानं पूजा केली. निम्मं कुंकू चुलवणाऐवजी राखेत सांडलं. गुळाची ढेप मात्र पिवळीधमक निघाली, बोटानं वाजवली तर टणटण वाजावी अशी.

"एका काहिलीचं काय सांगावं, नशीब आसंल," हंबीरराव म्हणाला.

"म्हनून तर दोन हायती," राहीबाई म्हणाली.

शनिवारी तिनं स्वतः पूजा केली. तिच्यासारखी भाग्याची बाई गावात दुसरी नाही, असं बायका म्हणत असत. पाक वाफ्यात पडला, दुपार उलटली, आणि काळा लगदा जिथल्या तिथं लिबलिबत राहिला. नाथाजीनं त्यात बोट घालून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "खारट," तो म्हणाला. "वैनी, माजी जीभ पैल्याच दिशी बोलली हुती. मीच तिचं ऐकलं न्हाई."

हंबीरराव विहिरीच्या काठावर जाऊन बसला. राहीबाई त्याच्यामागं गेली. दोन उन्हाळ्यांचा घाम असा खारट निघाला याचं तिलाही वाईट वाटत होतं. ती त्याच्या शेजारी बसली. "हीर वाईट न्हाई," ती म्हणाली. "उसाला चालत न्हाई एवडंच. हितं शाळू करू. जनावरंबी पितील."

रविवारी व्याही आला, तोंड उतरलेलं, पोरीचं गाठोडं घ्यायला. हंबीररावानं त्याला विहीर दाखवली नाही. चांगल्या गुळाची ढेप त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "चूक माजी झाली, पाव्हनं. पोर हितंच ऱ्हाईल." असं बोलायला त्याला फार जड गेलं, पण तो बोलला.

व्याही गेल्यावर अंजना भांडी घासता घासता थांबली.

"आत्याबाई, माज्या पूजेची काहीलबी वाईट उतरली आसती तर?"

"तर चुना बगितला आसता, काहील बगितली आसती, नाथाजीचा हात बगितला आसता," राहीबाई म्हणाली. "तुला बगायचं हुतंच कुटं? पूजेचा पडताळा तुज्या मामंजींसाटी हुता."