अब्बांच्या ट्रकला नवे दिवे

हसायचं ते हसा, पण चहा गिळून मग हसा. मागच्या वेळी तुमचा निम्मा कप माझ्या शर्टावर आला होता. काय सांगू, अशी फजिती शत्रूचीही होऊ नये. आणि शत्रूची झालीच, तर मला बघायला नक्की बोलवा!

तर अब्बांचा ट्रक. तुम्ही पाहिलाय, निळा, आमच्या गोदामाच्या शेडमध्ये उभा असतो तो. अब्बांनी आयुष्यभर त्याच्यावर जुन्या हायवेनं तांदूळ वाहिला. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, पण बसलो सोमाटण्याच्या तांदळाच्या दुकानात, गल्ल्यावर. अब्बा सारखे म्हणायचे, "इक्बाल, एकदा लोणावळ्यापर्यंत चल. गाडी तू चालव, मी नुसता शेजारी बसतो." हट्टानं मला मोठ्या गाडीचं लायसनसुद्धा काढायला लावलं. आणि मी? दरवेळी एकच, "पुढच्या खेपेला नक्की, अब्बा."

अब्बा गेले त्याला दोन वर्षं झाली. पुढची खेप राहूनच गेली.

तेव्हापासून दुकान वाढवलं की मी त्या केबिनमध्ये जाऊन बसायचो. डिझेलचा, तांदळाच्या कोंड्याचा आणि अब्बांच्या अत्तराचा मिळून एक वास होता आत. दार उघडताना तो थोडा थोडा निसटतोय असं वाटायचं, म्हणून मी पटकन आत शिरून दार लावून घ्यायचो. माझी बायको नसरीन एकदा खिडकीशी येऊन म्हणाली, "अहो, चालवा नाहीतर विका. नुसतं स्टिअरिंग काय कुरवाळताय?"

मग डिसेंबरात लोणावळ्याच्या एका व्यापाऱ्यानं शंभर पोती इंद्रायणी तांदूळ मागवला. आमचा नेहमीचा ड्रायव्हर भाचीच्या लग्नाला गेलेला. म्हटलं, ठरलं! अब्बांची गाडी, अब्बांचा रस्ता, आणि मी.

आता दिवे. आमचा बाळूमिस्त्री पुढून गाडी बघून म्हणाला, "इक्बालभाई, हे दिवे हायेत? ह्याच्यापेक्षा माझी बिडी जास्त उजेड पाडती." त्यानं जुने दिवे काढले आणि पांढरेशुभ्र एलईडी बसवले. मग म्हणाला, "पोती भरली की गाडी आणा. दिवे वर-खाली करायचे स्क्रू दिव्यांच्याच मागं हायेत, माल भरल्यावर सेटिंग करून देतो."

मी म्हणालो, "त्यात काय एवढं? मी करतो. मोबाइलवर बघितलंय."

इथं जरा थांबा आणि माझ्यासाठी वाईट वाटून घ्या.

मी गाडी गोदामाच्या भिंतीपासून मोजून पंचवीस फुटांवर लावली. नसरीनला टेपचं टोक धरायला लावलं. दिव्याची उंची मोजली, भिंतीवर खडूनं रेघ मारली, उजेड रेघेच्या बरोबर खाली आणला. असा काटेकोर, की मापं घेणाऱ्या शिंप्यानं शिष्य व्हावं! नसरीन म्हणाली, "बाळूमिस्त्री काहीतरी माल भरल्यावर म्हणत होता ना?"

"तो मिस्त्री आहे," मी म्हणालो, "मी वाचणारा माणूस आहे."

दुसऱ्या दिवशी पोती भरली. मागचे स्प्रिंगचे पाटे वजनानं बसले, मागची बाजू खाली गेली आणि गाडीनं नाक वर केलं. मला वाटलं, खूश झाली!

सोमाटण्याहून निघालो तेव्हा सूर्य कलत होता. वडगाव येईपर्यंत अंधारलं आणि मी दिवे लावले. वा! काय उजेड! डोंगरावरच्या गाई मोजता येत होत्या. डोंगरावरच्या गाई का दिसतायत, हा प्रश्न वाचणाऱ्या माणसाला पडायला हवा होता. नाही पडला.

समोरून पहिला ट्रक आला, त्यानं दिवे उघडझाप करून फटाफट डिपर मारला. मग एक एसटी, तिनंही मारला. मग एक टँकर.

आणि मला एकदम आठवलं. लहानपणी एकदाच अब्बांबरोबर याच रस्त्यानं गेलो होतो. तेव्हाही समोरचा प्रत्येक जण असाच डिपर मारायचा आणि अब्बा हसून हात वर करायचे. मी विचारलं, "अब्बा, हे सगळे असं का करतात?" तर म्हणाले, "ओळखीचे आहेत रे सगळे."

म्हणजे अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली तरी हा रस्ता त्यांची गाडी विसरला नव्हता! माझे डोळेच भरून आले. मीही प्रत्येकाला डिपर मारायला लागलो. अगदी मनापासून, दोन-दोनदा! एका मोटारसायकलवाल्यानं तर हात कपाळाशी नेला. सलाम! एवढा तरुण मुलगा, आणि अब्बांचा इतका मान! मी खिडकीतून मान काढून ओरडलो, "वालेकुम सलाम!" तोही काहीतरी ओरडला, पण वाऱ्यानं ऐकू आलं नाही. नाही आलं तेच बरं.

पुढं एक फुलांचा टेम्पो चालला होता. ड्रायव्हरनं हात बाहेर काढून खाली-वर हलवला. मी हात हलवला. त्यानं आणखी जोरात हलवला. मीही हलवला. कामशेतजवळ त्यानं टेम्पो चहाच्या टपरीपाशी घेतला आणि मला थांबायची खूण केली. बघा, चहालाही बोलावतोय! मी गाडी लावून, मिठी मारायच्या तयारीत उतरलो.

टेम्पोतून सत्तरीचे एक आबा उतरले, डोळे चोळत.

"काय रं ए! दिवं लावल्यात का ईज पाडतूयास? आरशातनं डोळं फोडलंस माझं! हात करून सांगतूय खाली घे, खाली घे, तर टाटा करतूय!"

माझे पसरलेले हात तसेच राहिले. आबांनी गाडीकडं पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. जवळ जाऊन बॉनेटवर तळवा ठेवला.

"ही तर हुसेनभाईची गाडी," त्यांचा आवाज एकदम उतरला. "तू कोण?"

"त्यांचा मुलगा. इक्बाल."

"आरं, मी दत्तू. पवनेकडनं गुलाब आणतो."

मी कसंबसं म्हणालो, "आबा, मला वाटलं सगळे अब्बांना ओळखून डिपर मारतायत. पूर्वी मारायचे ना तसे."

दत्तूआबांनी माझ्याकडं बघितलं आणि जे हसायला लागले! टपरीचा खांब धरून हसले.

"आरं, ते सलाम न्हाई घालायचो आमी! तुझ्या बापाचा उजव्या अंगाचा दिवा कायम बंद. समोरच्याला वाटायचं फटफटी येतीया, आन् जवळ आल्यावर बघतो तर अख्खा ट्रक! म्हून डिपर मारायचो, दिवा बदल म्हून. तो आपला हसून हात करायचा. एकदा शिव्या द्यायला म्हून मी हितंच थांबवला त्याला. तर मलाच चहा पाजला. तवापास्नं रोजचं झालं."

चहा आला. आबा बशीत ओतून फुंकत राहिले, प्यायले मात्र नाहीत. मग हळूच म्हणाले, "अजूनबी एकाच दिव्याची गाडी आली की मी टेम्पो हळू करतो बघ. फटफटीच असती."

मला एवढंच वाटत होतं, की एकदा, फक्त एकदाच, पुढची खेप म्हणायच्या ऐवजी मी अब्बांना शेजारी बसवायला हवं होतं.

नंतर आबांनी टेम्पोतला स्क्रू ड्रायव्हर काढला, टपरीच्या भिंतीवर उजेड पाडून अंदाजानं दोन्ही दिवे खाली घेतले. "आता जा. कुणी काय म्हणणार न्हाई."

खरंच, लोणावळ्यापर्यंत एकानंही डिपर मारला नाही. रस्ता कसा सुना सुना वाटला.

तिथं शंभर पोती उतरवली आणि परत निघालो. आता गाडी मोकळी. पाटे उठले, मागची बाजू वर, नाक खाली. आणि उजेड? माझ्या बंपरपासून जेमतेम दहा फूट! पुढं काळाकुट्ट अंधार. बाळूमिस्त्रीला फोन करावा? कुठल्या तोंडानं?

तेवढ्यात पुढं एक ट्रॅक्टर दिसला. त्याचा उजेड छान लांबवर पडत होता. म्हटलं, याच्या मागं मागं जाऊ. तो हळू, मी हळू. तो वळला, मी वळलो. अब्बांच्या आठवणीत इतका बुडालो होतो, की कुठं वळलो ते बघितलंच नाही. शेवटी ट्रॅक्टर थांबला. मीही थांबलो. ट्रॅक्टरवाल्यानं उतरून गोठ्याचं दार उघडलं. म्हशी माझ्याकडं बघायला लागल्या.

"पावणं, कुणाकडं आला?"

"कुणाकडं नाही. सोमाटण्याला चाललोय."

"मग आंबी गावात, माझ्या अंगणात कसं काय?"

तेवढ्यात नसरीनचा फोन वाजला. "कुठवर आलात? नव्या दिव्यांचा उजेड कसा पडतोय?"

मी म्हशींकडं पाहिलं.

"झकास पडतोय," मी म्हणालो. "फक्त घर सोडून बाकी सगळं दिसतंय."