दुसरा मास्क

जिभेच्या मुळाशी गाठ आहे आणि ती साधी नाही, असा रिपोर्ट आला त्या दिवसापासून मी दत्तासमोर हात जोडणं बंद केलं. निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात वाढून मी तंबाखूला कधी बोट लावलं नाही. दर पौर्णिमेला उपवास केला, वर्षातून एकदा नृसिंहवाडी चुकवली नाही. आणि पदरात हे पडलं. आमच्या हिने तर देव पाण्यात घातले होते. मी तिला म्हणालो, "बाहेर काढ त्यांना, भिजून काही उपयोग नाही." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज हे लिहिताना मला त्या शब्दांची लाज वाटते.

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं टूलरूममध्ये काढली. मशीनवर कामाचा तुकडा घट्ट धरून ठेवणारी साधनं बनवायची, ज्यांना आम्ही फिक्श्चर म्हणतो, तेच माझं काम. तुकडा केसभर हलला तर माल भंगारात जातो. त्यामुळे हॉस्पिटलात डॉक्टरांनी समजावलं की रेडिएशनच्या वेळी डोकं आणि मान रोज अगदी त्याच जागी असावी लागते, त्यासाठी चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवून तो टेबलाला अडकवतात, तेव्हा त्या अवस्थेतही मला हसू आलं. म्हटलं, हे तर आपलंच खातं. तयारी म्हणून आधी दोन किडक्या दाढा काढल्या, आणि मास्क नीट बसावा म्हणून लग्नापासूनची मिशीही गेली. आरशातला माणूस माझ्या ओळखीचा राहिला नाही.

मास्क बनवणाऱ्या सुनंदाबाई बेळगावच्या, त्यामुळे मराठीत बोलणं झालं. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने माझ्या कपाळापासून खांद्यांपर्यंत ओढून बसवली. ती गार होऊन कडक होईपर्यंत हलायचं नव्हतं. मी ठरवलं, दगड व्हायचं. दात आवळले, मान ताठ केली, खांदे वर खेचून धरले. सुनंदाबाई दोनदा म्हणाल्या, "अण्णा, मान सोडा की. आम्ही धरतोय." मला वाटलं, यांना काय कळतंय, मी तर यांना मदतच करतोय. मग त्या मास्कमध्येच स्कॅन झाला, मास्कवर खुणा झाल्या, आणि त्यावरून किरण कुठून द्यायचे याचा आराखडा करायला दहा दिवस गेले.

उपचाराच्या पहिल्या दिवशी मास्क बसेना. तीनदा उठवलं, तीनदा झोपवलं. मशीनवर काढलेल्या एक्स-रे फोटोत मान ठरवलेल्या जागी येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, मागे मज्जारज्जू आहे, एवढ्या फरकाने किरण देता येणार नाहीत. मास्क, स्कॅन, आराखडा, सगळं पुन्हा करायला लागेल. मी विचारलं, "पुन्हा असंच झालं तर?" ते म्हणाले, गाठ आपल्यासाठी थांबत नाही. बाहेर सुनंदाबाईंनी शांतपणे सांगितलं, "तुम्ही अंग आवळून बनवलेला मास्क आहे तो अण्णा. रोज तेवढंच कसं आवळणार?" माझी मान खाली गेली. ताणात आवळलेला जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, सोडला की उसळतो, हे मी सत्तावीस वर्षं इतरांना ओरडून शिकवत आलो होतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच असावं.

दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. ते दोन दिवस मी घरी पलंगावर पडून अंग सैल सोडायचा सराव केला. जितका प्रयत्न करावा तितकं ते अधिकच घट्ट होई. शेवटी भीतीपोटी देवाकडे वळलो. भक्ती नव्हती त्यात, खोटं कशाला सांगू. हॉस्पिटलात जाताना जपमाळ मुठीत धरली, आणि बाहेरच्या बाकावर बसून नाव घेत नव्हतो, ठोकत होतो म्हणा ना. एवढं एकदा कर, एवढं एकदा कर. ही खाली फाइल आणायला गेली होती.

शेजारी साठीची एक बाई बसली होती. डोक्यावरून पदर, गळ्यात श्वासासाठी नळी, त्यावर गॉजचा तुकडा. आवाज गेलेलाच होता. ती बराच वेळ माझ्या मुठीकडे पाहत होती. मग काही न विचारता तिने ती मूठ आपल्या मांडीवर ओढून घेतली आणि करंगळीपासून एकेक बोट उघडलं, झोपलेल्या मुलाच्या हातातून खेळणं काढावं तसं. माळेचे मणी तळव्यात रुतून लाल खड्डे पडले होते. तिने त्यांवरून अंगठा फिरवला, माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि डोळे मिटले.

आजार कळल्यापासून मला सगळ्यांनी हातमोजे घालूनच हात लावला होता. आमची ही सुद्धा माझ्या अंगाला जपून, भीत भीत हात लावी. मी रडलो. चारचौघांत, आवाज करून रडलो. पलीकडे बसलेली त्या बाईची सून म्हणाली, "अळबेडी अण्णा," म्हणजे रडू नका. बाईने डोळे न उघडताच दुसऱ्या हाताने तिला गप्प केलं. रडू दे त्याला, असा त्या हाताचा अर्थ.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. डोळे पुसत आत गेलो. टेबलावर पडलो, गरम जाळी तोंडावर आली, आणि भीती पूर्वीइतकीच वाटली. आता गुदमरून मरणार असंही वाटलं. पण काही आवळून धरण्याइतकं बळच अंगात उरलं नव्हतं. दत्ताचं नावही सुचलं नाही. किती वेळ गेला कळलं नाही. मग सुनंदाबाईंचा आवाज आला, "सरी, बरोबर. आता बसला." बाहेर येऊन त्या बाईच्या पाया पडायचं होतं. बाक रिकामा होता.

या वेळी आराखडा जुळला आणि उपचार सुरू झाले. सात आठवड्यांबद्दल फार लिहीत नाही. तोंड आतून सोललं, थुंकी गिळवेना, नाकातून नळी घालावी लागली. मशीनच्या खोलीत भिंतीला हुकांवर सगळ्यांचे मास्क नावाच्या चिठ्ठ्या लावून टांगलेले असत. त्यांत एक होता, लहान हनुवटीचा, गळ्यापाशी नळीसाठी भोक कापलेला. तिचा, हे मी पाहताक्षणी ओळखलं. तिची वेळ सकाळची, माझी दुपारची, म्हणून भेट झाली नाही. झोपण्याआधी मी त्या मास्ककडे पाहून मनात नमस्कार करत असे.

पाचव्या आठवड्यात तो हुक रिकामा दिसला. मी खुणेनेच सुनंदाबाईंना विचारलं, संपलं का त्यांचं? त्या माझ्या मानेखालची उशी नीट करत होत्या. म्हणाल्या, "संपायला आठ दिवस होते अजून, अण्णा." मग मास्क चढवला.

ही म्हणते, त्या दिवशी बाकावर दत्तच येऊन बसले होते. मी वाद घालत नाही. दत्त असते तर तो हुक रिकामा कशाला झाला असता, हा प्रश्न माझ्याकडे आहेच. शरण जाणं ही आपण जोर लावून करायची गोष्ट आहे, असं मी आयुष्यभर समजत आलो. ती आपल्याकडून होत नाही. कोणीतरी येऊन करवून घेतं, आणि ज्याच्याकडून करवून घेतं त्याच्यापेक्षा करवणाऱ्याचं दुखणं मोठं असू शकतं, हे मला त्या आजारात कळलं.

माझा स्कॅन पुढच्या महिन्यात आहे. बरा झालो की नाही ते तेव्हा कळेल. तिचं नाव मी मास्कच्या चिठ्ठीवर चार आठवडे रोज वाचत होतो, इथे लिहीत नाही. सकाळी दत्तापुढे बसतो तेव्हा आधी त्याचं नाव घेतो, मग तिचं घेतो, आणि काही न मागता उठतो.